पुसलेला हात

१

शुक्रवारी सकाळी बिलकिस बुबेरेने चित्रावरचं फडकं काढलं तेव्हा प्राध्यापक दशरथ ठोंबरे यांचा डावा हात नाहीसा झालेला होता.

बाकी सर शाबूत होते. रुंद कपाळ, जाड भुवया, नाकावरून जरा खाली घसरलेला चष्मा, करडा खादीचा सदरा. उजवा हात मांडीवर होता. डावी बाही टेबलापर्यंत येत होती आणि तिच्यापुढे, जिथे कालपर्यंत एक म्हातारा, हाडकुळा, करंगळी वाकलेला हात विसावला होता, तिथे नुसतं टेबल होतं.

बिलकिसने फडकं परत टाकलं, जणू पुन्हा काढल्यावर हात सापडेल. सापडला नाही.

खोपोलीच्या शिळफाट्यावर तिच्या भावाचं, शारिकचं, रंगाचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत ती चित्रं काढायची आणि दुपारी शाळेत चित्रकला शिकवायची. तिने काढलेली माणसं लोकांच्या दिवाणखान्यांत टांगलेली होती. पण चार लोक येतील, खाली तिचं नाव वाचतील अशा भिंतीवर एकही चित्र नव्हतं. पहिलं रविवारी लागणार होतं. खालापूरच्या नव्या वाचनालयाने ठोंबरे सरांचं तैलचित्र तिच्याकडून करून घेतलं होतं. पाणी, जमीन आणि कायदा यांवर महाराष्ट्रात कुठेही वाद निघाला की लोक ज्यांना फोन करतात ते हे सर, आणि ते मूळचे याच तालुक्यातले.

वाचनालयाचा सचिव हर्षद हा सरांचा सख्खा पुतण्या. तो आला, त्याने चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"रविवारी मी बिनहाताचे काका लावू का भिंतीवर?"

"मी परत काढते."

"कधी? उद्याच्या दिवसात? हाच हात जमत नाही म्हणून तुम्ही दोन महिने घालवलेत, मॅडम." मग तो जरा नरमला. "माझ्याकडे काकांचा मोठा फोटो चौकट करून तयार आहे. उद्या संध्याकाळपर्यंत चित्र पूर्ण असेल तर चित्र. नसेल तर फोटो. आणि काकांना परत इथे बोलवायचं नाही. ऐंशी वर्षांचं माणूस आहे, किती जिने चढवायचे?"

तो गेल्यावर बिलकिसने अपेक्षा बडेकरला फोन लावला.

"अपेक्षाताई, लगेच ये. आणि दुकानातून येऊ नकोस, मागच्या जिन्याने ये. शारिकभाईला कळायला नको."

"का गं? भाऊ काय करतो?"

"तेच बघायला ये म्हणते," बिलकिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

२

अपेक्षा बडेकर विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची. खोपोलीत कारखान्याला आग लागली, गोदामात पाणी शिरलं, की ती हेल्मेट घालून तिथे हजर. काय जळलं ते मालक सांगतच असतात. अपेक्षा आधी काय जळलं नाही ते बघायची.

चित्राच्या बाबतीतही तिने तेच केलं. नाक कॅनव्हासला लागेल इतकी ती जवळ गेली.

"हा हात ओला होता?"

"गुरुवारी सकाळीच काढलेला. खालचं टेबल कधीचं वाळलंय. त्यामुळे वरचा हात पुसला की टेबल जसंच्या तसं राहतं."

"आणि चेहरा? तो वाळलेला?"

"बराचसा. पण डोळ्यांत आणि ओठांवर काल मी शेवटचे फटकारे मारलेत. तेही ओलेच आहेत."

अपेक्षाने ओठ पाहिले. कुठेही फिसकटलेलं नव्हतं. बाहीची कडही स्वच्छ होती. ज्याने हात पुसला त्याने मनगटाकडून बोटांकडे, बेताबेताने पुसला होता.

"असं कोण पुसतं?"

"मी," बिलकिस म्हणाली. "मनासारखं झालं नाही की असंच पुसते. तो हात तर किती वेळा पुसला, विचारू नकोस. सर समोर बसलेले असायचे. मी पुसायचे आणि म्हणायचे, उद्या परत बसा, सर. काल पहिल्यांदा पुसायची वेळ आली नाही. काल तो जमला."

"मग परत काढ ना. फोटोवरून."

"त्या हाताचा फोटोच नाही. लहानपणी भात कापताना विळा लागला आणि करंगळी वाकडी झाली. व्यासपीठावर ते डावा हात कायम पाठीमागे ठेवतात. माझ्यासमोर मात्र ठेवला टेबलावर. आणि समज, काढला. रात्री पुन्हा कोणी पुसला तर? ज्याने पुसला तो याच घरात जेवत असेल तर?"

अपेक्षाचं लक्ष कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे गेलं होतं. डब्यात पाणी होतं आणि पाण्यात रंगाने माखलेल्या चिंध्या.

"या पाण्यात का?"

"अळशीच्या तेलाच्या चिंध्या आहेत. कोरड्या ढिगात ठेवल्या तर आपोआप पेटतात."

"ठाऊक आहे. एक अख्खं गोदाम पाहिलंय मी असं गेलेलं. तू रोज रिकामा करतेस?"

"सकाळी आल्या आल्या. नवं पाणी भरते. आज या गोंधळात राहिलं."

अपेक्षाने एक लांब ब्रश उलटा धरला आणि एकेक चिंधी वर काढून वर्तमानपत्रावर मांडली. वरच्या चिंध्यांवर सगळे रंग एकमेकांत कालवलेले होते, निळा, तपकिरी, पांढरा. सगळ्यांत तळाशी एकच चिंधी निघाली, तिच्यावर एकच रंग. माणसाच्या कातडीचा.

"हात," बिलकिस पुटपुटली. "हा त्यांचा हात आहे."

"म्हणजे चोराने नुकसान केलं," अपेक्षा म्हणाली, "आणि जाताना आग लागू नये म्हणून चिंधी पाण्यात टाकली."

३

गुरुवारचा दिवस बिलकिसने तिला सांगितला तो असा. सकाळी हर्षद गाडीने सरांना घेऊन आला. बैठक झाली. चित्र पूर्ण झालं. बिलकिसने त्याच्यावर फडकं टाकलं, सरांचा हात धरून त्यांना खाली नेलं, गाडीपाशी हर्षदबरोबर खिळे आणि चौकट यांच्यावर बोलली. गाडी गेली. मग ती वर आली, ब्रश पुसून धुतले, चिंध्या डब्यात टाकल्या, कुलूप लावलं, चावी दुकानातल्या खिळ्याला अडकवली आणि शाळेत गेली. फडक्याखाली पुन्हा डोकावलं नाही. झालेलं चित्र ती एक रात्र तरी बघत नाही, तशी सवय.

ती शाळेत असताना ती चावी तिघांनी नेली. जमिनीचे व्यवहार करणारा गजा पिंगळे चित्र केवढं मोठं आहे ते बघायचं म्हणून आला. नंतर शारिक स्वतः रंगाचे डबे वर ठेवायला गेला. संध्याकाळी हर्षद चौकटीचं माप घ्यायला आला.

शारिक गल्ल्यावर नव्हता. तो दुकानाच्या मागच्या बाजूला एका डब्यात काठी फिरवत उभा होता आणि डब्यातला रंग कधीच एकजीव झालेला होता.

"या, ताई. तुम्हीच राहिला होतात. हर्षद सगळं सांगून गेला." त्याने काठी सोडली नाही. "सकाळी बिलूला चहा पाठवला. परत आला. आमच्या घरात चहा परत येत नाही."

"मंगळवारी तुमचं भांडण झालं म्हणे."

"झालं. लपवायचं काय? पाडव्याच्या आधी सगळं गाव घरं रंगवायला काढतं. माल ठेवायला जागा नाही माझ्याकडे. मी म्हटलं, ते चित्र एकदाचं जाऊ दे, खोली मोकळी होऊ दे. म्हटलं की नाही म्हटलं? म्हटलं." आता त्याने काठी डब्याच्या काठावर आपटली. "पण ताई, तुम्ही हिशोबी बाई आहात. चित्र पूर्ण झालं की जाणारच होतं ना? हात पुसला तर ते जाईल की राहील?"

"राहील."

"मग मी काय येडा आहे का?"

दुकानात भिंतीसाठी पिस्ता रंग बघायला आलेलं एक गिऱ्हाईक मान लांब करून ऐकत होतं. शारिक त्याच्यावर ओरडला, "दादा, पिस्ता तिकडे आहे. इकडे आमचं घर आहे."

हर्षद रस्त्यापलीकडे गाडीत बसून फोनवर मांडववाल्याशी भांडत होता. फोन झाल्यावर त्याने काच खाली केली.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा, मॅडम. फोटो मी आधीच करून ठेवला, कारण माझा यांच्या तारखेवर विश्वास नव्हता."

"संध्याकाळी वर गेलात तेव्हा फडकं काढलंत?"

"त्याच्यावरूनच टेप लावला. कोण हात लावेल ओल्या रंगाला? आणि मला ते चित्र नकोच असतं तर मी नाकच पुसलं असतं. हात कशाला? नाकाशिवाय चित्र रविवारी लागूच शकत नाही."

बोलणं रागाचं होतं, पण त्यात चूक नव्हती. अपेक्षाने तसं सांगितलं. त्यावर हर्षद जरा खुलला आणि स्वतःचीच कैफियत मांडू लागला.

"मला या चित्रापेक्षा काकांचंच टेन्शन आहे. हल्ली ऐकत नाहीत. काल गाडीत बसवलं, तर पिशवी वर राहिली म्हणून परत निघाले. म्हटलं मी आणतो, तर नाही. बिलकिस मॅडम म्हणाल्या मी आणते, तर नाही. एकटे गेले, एकटे आले. घाम आलेला. पण चेहऱ्यावर काय खुशी! लहान मुलासारखी."

"गजा पिंगळे कुठे भेटेल?" अपेक्षाने विचारलं.

हर्षदने खालच्या आवाजात सांगितलं, "त्याला नीट विचारा. काकांनी लेख लिहिला होता त्याच्यावर. नाव घेऊन."

४

गजा पिंगळे शिळफाट्याच्या कोपऱ्यावर वडे तळणाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. ही खुर्ची म्हणजेच त्याचं ऑफिस.

"या. मी वाटच बघत व्हतो," तो म्हणाला. "गावात कायबी झालं की गजा. बसा. वडा खा."

"सरांनी तुमच्याबद्दल लिहिलं होतं ना?"

"लिवलं! डोंगर कापला म्हनून लिवलं. आता कापला, तर कापला. पन वाचनालयाला जागा कोनी दिली? ती बी मीच ना? दारात पाटी लागनार हाय माजी. आत त्यांचं तोंड, भायेर माजं नाव. लोक म्हनतील, ह्यांचं जमलं शेवटी." तो मनापासून हसला. "मी कशाला नासवू ते चित्र? त्यांचं चित्र नाय लागलं तर माजी पाटी बघायला कोन येनार?"

मग पुढे झुकून त्याने आवाज लहान केला. "त्या शारिकला इचारा. त्यांच्यात मानसाचं चित्र चालत नाय म्हनतात."

"डोळे तर शाबूत आहेत. ज्याला चित्र चालत नाही तो आधी ते पुसणार नाही का?" अपेक्षाने विचारलं. "आणि त्यानेच बहिणीला खोली दिली आहे, रंगही तोच देतो."

गजाने थोडा विचार केला. "ह्ये बी खरंच हाय," त्याने कबूल केलं आणि वड्याचा तुकडा मोडला.

"तुम्ही फडकं काढलंत?"

"नाय."

अपेक्षा गप्प राहिली. नुकसानीच्या पाहणीत हे तिचं सगळ्यांत उपयोगी हत्यार होतं. वडेवालासुद्धा अस्वस्थ झाला.

"जरासं," गजा म्हणाला. "कोपऱ्यातनं. बाईंनी बजावलं व्हतं बघू नका, म्हनून कुनाला बोललो नाय."

"कसं वाटलं?"

"झकास हाय वो! डोळं तर आसं, की आता आपल्यावर आनखी येक लेख लिवतील. पन आर्धं ठेवलंय. डावा हातच काढलेला नाय. मला वाटलं, रविवार आला, ही बाई हात कवा काढनार? शारिकला सांगनार व्हतो, पन मग फडकं काढलं ते कळलं असतं."

अपेक्षाने वडा खाली ठेवला.

"कधी गेला होतात तुम्ही वर?"

"बाई शाळेत गेल्या आनि मी आलो. शारिक जेवायला बसला व्हता, त्यानंच चावी दिली. माज्या आधी कोन गेलं नव्हतं, चावी खिळ्यालाच व्हती."

म्हणजे कुलूप लागण्याच्या आधीच हात गेलेला होता. आणि तोपर्यंत खोलीत, बिलकिसच्याच सांगण्याप्रमाणे, बिलकिसशिवाय कोणी नव्हतं.

५

अपेक्षा त्याच दुपारी कर्जतला गेली. सर भिसेगावात राहत होते, एका बसक्या घरात, आणि घराच्या पडवीत कायम चपलांचा ढीग.

आजही होता. आत एक गृहस्थ मांडीवर कविता घेऊन बसले होते, त्यांना प्रस्तावना हवी होती. दोन तरुण धरणग्रस्तांच्या मोर्चासाठी पाठिंबा मागायला आले होते. फोनवर एका वाहिनीचा मुलगा भाताच्या भावाबद्दल सरांचं मत विचारत होता, एका वाक्यात. सरांनी तीन वाक्यं सांगितली. मुलगा म्हणाला, सर, थोडं कमी करा ना. सरांनी डोळे मिटून घेतले.

सरांच्या पत्नी गौराबाईंनी अपेक्षाला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"तिकडं कुठं बसतेस? तिकडं सगळी विचारायला बसल्यात. सकाळी दूधवाला येतो, त्यो बी इचारतो, सर, यंदा कोन निवडून येनार." त्यांनी तांदळाची भाकरी थापायला घेतली. "हर्षदचा फोन आलेला. चित्र बिघडलं म्हनं. तोंड तर नाय ना बिघडवलं?"

"नाही, काकी."

"मग ठीक. तोंडच काय ते बरं हाय."

अपेक्षा हसली. "तिकडे बसायचा त्यांना त्रास व्हायचा का हो?"

"तरास?" गौराबाईंचे हात थांबले. "अगं, बसून आलं की मानूस दुसराच! दोन भाकरी जास्त खानार, दुपारी घोरत पडनार. येका दिवशी तर गानं म्हनत आलं. पन्नास वरसांत मी ऐकलं नव्हतं, मला वाटलं गाडीतला रेडिओ. काल मातर आलं तवा खूश व्हतं आनि आज सकाळपास्नं कान फोनकडं. वाजला की दचकतात."

सर दारात येऊन उभे होते. कवितेवाल्या गृहस्थांपासून त्यांनी पाणी पिण्याच्या निमित्ताने सुटका करून घेतली होती.

"तुम्ही बिलकिसकडून आलात?"

"हो, सर. चित्राचं थोडं नुकसान झालंय. हर्षद बोलले असतील."

"चित्र बिघडलं, एवढंच म्हणाला." ते एक पाऊल आत आले. डावा हात नेहमीसारखा पाठीमागे होता. "मग... मला परत बसावं लागेल का?"

अपेक्षाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दिवसभरात ती ज्यांच्याशी बोलली, त्यांतल्या प्रत्येकाला चित्राबद्दल काही ना काही बोलायचं होतं. पण यांनी काय बिघडलं, हेसुद्धा विचारलं नाही.

"बसावं लागेल, सर," ती म्हणाली. "उद्या सकाळी. मी स्वतः हर्षदशी बोलते."

६

शनिवारी ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी सर शिळफाट्यावर हजर झाले. जिना त्यांनी कोणाचा आधार न घेता चढला. हर्षद कुरकुरत मागे. अपेक्षाने शारिकलाही वर बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला. बिलकिस त्याच्याकडे बघत नव्हती.

सर त्यांच्या जागेवर बसले, डावा हात टेबलावर ठेवला, अगदी बोटांसकट पूर्वीसारखा.

"सर," अपेक्षा म्हणाली, "हात काढायचाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि तो हळूच उचलून मांडीवर घेतला.

"हे काय बोलताय, मॅडम?" हर्षद पुढे झाला. "काकांवर..."

"हर्षद, ऐकू दे मला," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध ऐकावा तसं कुतूहल होतं. "पुराव्यानिशी सांगा."

अपेक्षाने सांगितलं. "ज्याला तुमचा राग असता, त्याने चेहरा पुसला असता. डोळे आणि ओठ ओले होते, पुसायला सोपे होते, त्यांना धक्काही लागलेला नाही. शारिकभाईंना खोली रिकामी हवी होती. चित्र अर्धवट राहिलं तर खोली अडकते. हर्षदना फोटो लावायचा असता तर त्यांनी भरून न येणारं काहीतरी बिघडवलं असतं. इथे तर असंच काही पुसलंय की जे पुन्हा काढता येईल. फक्त एका अटीवर, तुम्ही परत समोर बसलात तर. कारण या हाताचा फोटो नाही."

"हा झाला तर्क," सर म्हणाले. "पुरावा?"

"डबा. बिलकिस रोज सकाळी त्यात नवं पाणी भरते. काल तळाशी हाताच्या रंगाची चिंधी होती आणि तिच्यावर ब्रश पुसलेल्या चिंध्या. बिलकिस, ब्रश तू कधी धुतलेस?"

"गाडी गेल्यावर."

"म्हणजे हात त्याच्या आधी पुसला गेला. गजा, शारिकभाई, हर्षद हे सगळे नंतर वर आले. गजाने तर हात नसलेलंच चित्र पाहिलं, त्याला वाटलं काढायचा राहिलाय. बैठक संपल्यावर आणि ब्रश धुण्याआधी या खोलीत एकच माणूस एकटं आलं होतं. पिशवी घ्यायला."

बिलकिसने तोंडावर हात ठेवला.

"शिवाय चिंधी पाण्यात टाकायची असते हे ठाऊक असलेलं माणूस," अपेक्षा म्हणाली. "गजाला ते कुठलं माहीत असायला?"

"ती मात्र माझी चूक झाली," सर म्हणाले. "पण बाहेर टाकली असती तर आग लागली असती हो."

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली, आणि बोलता बोलता त्यांची व्याख्यानातली भाषा गळत गेली.

"पन्नास वर्षं लोक मला विचारतात. सर, तुमचं मत काय. जेवताना, दवाखान्यात, लोकांच्या मयताला गेलो तरी. इथे मला कोणी काय विचारलं नाय. मान जरा डावीकडे, एवढंच. मी बसायचो. खाली डबे वाजायचे, रस्त्यावर टेंपो. डोक्यात काय पण नसायचं. गुरुवारी ही म्हणाली, झालं सर, आता तुम्हाला त्रास नाही. मी गाडीत बसलो आणि पिशवीचं निमित्त केलं. वर आलो. फडकं उचललं. हात इतका बेस झाला होता की वाईट वाटलं. पण ही हात पुसायची आणि म्हणायची, उद्या परत बसा. मला वाटलं..." ते थांबले. "हात पुसला की उद्या परत बसायचं असतं, एवढंच शिकलो होतो मी."

"करंगळी दिसू नये म्हणून नाही ना, सर?" बिलकिसने विचारलं.

"नाय गं, पोरी. ती तर तूच पहिल्यांदा नीट बघितलीस."

बिलकिसचे डोळे भरले होते, पण तिने राग सोडला नाही. "सांगायचं ना, सर! बसायचंय म्हणून. मी नाही म्हटलं असतं का? माझं चित्र भिंतीवर जाता जाता राहिलं असतं. आणि मी सख्ख्या भावाचा चहा परत पाठवला."

"कारणाशिवाय कसं बसायचं? मला येत नाही ते." सर उठले. शारिकसमोर जाऊन त्यांनी हात जोडले, दोन्ही, डावाही पुढे आणून. "शारिक, माझ्यामुळे तुझ्यावर आळ आला. मी चुकलो. खाली दुकानात चल, गिऱ्हाइकांसमोर सांगतो."

"नको, सर, नको!" शारिक गडबडून गेला. "लोक म्हणतील सर दुकानात आले, आता रंगाबद्दल पण मत विचारतील." मग त्याने बहिणीकडे पाहिलं. "तिला सांगा, चहा पाठवतोय. आता परत आला तर खोली खाली कर म्हणावं."

"दोन कप पाठव," बिलकिस म्हणाली. "सरांना बिनसाखरेचा."

हर्षद अजून भिंतीला टेकून होता. "काका, आणि मी तो फोटो चौकटीसकट करून ठेवलाय त्याचं काय?"

"तुझ्या घरात लाव," सर म्हणाले. "आणि उद्या चित्रच लागेल. ओलं असलं तरी. पुढे दोरी बांध, कोणी बोट लावायला नको."

त्यांनी हात टेबलावर ठेवला. बिलकिसने ब्रश घेतला.

"मान जरा डावीकडे, सर."

बाकीचे खाली गेले. संध्याकाळी हर्षद आला तेव्हा हात जागेवर होता, आणि बिलकिसच्या मते गुरुवारच्यापेक्षा बरा.

७

रविवारी वाचनालयात गर्दी झाली. गजा पिंगळे स्वतःच्या पाटीखाली उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला आत जायचा रस्ता दाखवत होता, जरी दार एकच होतं. सरांनी भाषण केलं नाही. चित्रातला हात कोणी पुसला आणि का, तेवढं सांगितलं. आधी लोकांना ती थट्टा वाटली, मग टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत सर खाली बसलेही होते. चित्राखाली पितळी पट्टीवर चित्रकार म्हणून बिलकिसचं नाव होतं. शारिकने ते रुमालाने पुन्हा पुन्हा पुसून चकचकीत केलं, दोरीच्या आत जाऊन, हर्षद ओरडत असताना.

सगळ्यांचं बघून झाल्यावर गौराबाई पुढे आल्या. त्यांनी पदर सावरला, चष्मा वर केला आणि नवऱ्याला भिंतीवर खालपासून वरपर्यंत तपासलं.

"काकी, कसं झालंय?" बिलकिसने भीत भीत विचारलं. सगळ्या दिवसात तिने हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

"हां. ह्यो घरातला हाय," गौराबाई म्हणाल्या. "टीव्हीवरचा नाय." मग त्या बिलकिसच्या जवळ सरकल्या. "माजं बी काढशील का गं?"

"काढेन की! कधी बसता?"

"उद्याच. पन मी आधीच सांगते, मी काय गप बसनार नाय. मला बोलायला लागतं."

"बोला ना, काकी."

"आनि ह्यांना बी आननार. मला सोबत पायजे ना येवढ्या लांब." त्यांनी मागे वळून पाहिलं. सर कवितेवाल्या गृहस्थांच्या तावडीत पुन्हा सापडले होते आणि मान हलवत होते. गौराबाईंनी तिथूनच आवाज टाकला. "आवो! उद्या माज्यासंगं चला. कोपऱ्यात बसायचं. तुमचं काय बी काम नाय तिथं."

सर इतक्या झटकन उठले की गृहस्थांच्या मांडीवरची कवितांची पानं सगळ्या हॉलभर झाली.